नाकातली तारीख

आमच्या घराण्यात सोनंनाणं कधी नव्हतं. दागिना म्हणावा असा एकच, तो म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचं नाक. दिसायला काही खास नाही, जरा बसकंच आहे. पण लहानपणी शेजारच्या घरात दूध करपायला लागलं की आमच्या ताईला ते शेजारणीच्या आधी कळायचं. एकदा तर जिन्यात गॅसचा वास येतोय म्हणून तिनं अख्खी इमारत खाली उतरवली. सगळे तिला वेड्यात काढत होते. दुरुस्तीवाला आला, त्याला खरोखरच गळती सापडली, आणि मग तेच सगळे तिच्या पाया पडायचे बाकी राहिले. मी धाकटी. माझी जीभ तिखट, तिचं नाक तिखट. आई म्हणायची, दोघींचं मिळून एक धड माणूस झालं असतं.

या नाकावर ताईनं सव्वीस वर्षं पोट भरलं. बिस्किटांच्या कारखान्यात कच्चा माल उतरायचा, तिथे एका उंच स्टुलावर ती बसायची. लोण्याचे डबे, बदामांची पोती, तेलाची पिंपं. झाकण उघडायचं, सळई आत घालून बाहेर काढायची, वास घ्यायचा आणि खडूनं बरोबरची खूण करायची, नाहीतर फुली मारायची. फुली पडली की माल परत. गाडीवाले तिची खुशामत करायचे, साहेब तिच्याशी वाद घालायचे, पण तिची फुली कुणी पुसली नाही. ती निवृत्त झाली तेव्हा निरोपाच्या भाषणात साहेब म्हणाले की यंत्र आणलंय, पण यंत्राचा भरवसा नाही. ते वाक्य ताईनं आम्हाला शंभर वेळा ऐकवलं असेल.

तेलाचा नाद मात्र तिला दाजींमुळे लागला. दाजी, म्हणजे तिचे यजमान, रंगारी. दारं, खिडक्या, कठडे रंगवण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली. टर्पेंटाइनने त्यांच्या हातांना चिरा पडायच्या, रक्त यायचं. दुकानातली मलमं लावून झाली, गुण येईना. तेव्हा ताईनं जवस आणले, स्वयंपाकघरातल्या टेबलाला एक हातानं फिरवायचं छोटं तेलयंत्र बसवलं आणि घरीच तेल काढलं. ते चार दिवस निवळू द्यायचं, वरचं सोनेरी तेल औषधाच्या तपकिरी बाटलीत भरायचं, खाली राहिलेला गाळ टाकून द्यायचा. मग मधमाशांचं मेण वितळवून त्यात ते मिसळायचं आणि गार होईपर्यंत ढवळत बसायचं. दाजींचे हात महिन्याभरात मऊ झाले. मग माझे झाले. मी कपडे दुरुस्त करायचं दुकान चालवते. सुयांनी माझी बोटं चाळणीसारखी झाली होती. मग शेजारणी मागायला लागल्या. ताईचं घर म्हणजे मलमाचं दुकान झालं, फरक एवढाच की गिऱ्हाईकाला चहा फुकट मिळे.

जवसाच्या तेलाची एक खोड आहे. ते फार लवकर खवट होतं. हवा लागली, ऊन लागलं, फ्रिजबाहेर राहिलं की बिघडलंच. बिघडलेलं तेल दिसायला तसंच दिसतं, वास मात्र ऑइलपेंटच्या डब्यासारखा येतो, आणि तो कपड्यात शिरला की निघता निघत नाही. दाजींचे कामाचे शर्ट ताई वेगळ्या दोरीवर वाळत घालायची, ते याचसाठी. पण तेल बिघडलंय का, हे कळायला तिला कसली अडचण? एक थेंब मनगटावर घ्यायचा आणि तीनदा हुंगायचा: सकाळी, दुपारी, दुसऱ्या दिवशी सकाळी. तिन्ही वेळा पास झालं तरच ते मलमात जाणार.

तिची सून औषधांच्या दुकानात काम करते. हुशार पोरगी, बोलायला मोजकी. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिनं बाटली हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि विचारलं, "आई, यावर तारीख कुठे आहे?"

"तारीख माझ्या नाकात आहे," ताई म्हणाली.

आम्ही सगळे हसलो. सूनही हसली, पण मलम काही तिनं लावलं नाही. ताईला ते लागलं. "फार नाकानं कांदे सोलते," असं मला म्हणाली. मी म्हटलं, "तुझं नाक, तिचे कांदे, मला कशाला मध्ये घेतेस?"

दोन वर्षांपूर्वी ताईला ताप आला. आठवडाभर अंथरुणात होती. उठली तेव्हा सहा किलो कमी झाली होती आणि गप्प गप्प असायची. आम्हाला वाटलं, अशक्तपणा.

त्यानंतर पंधरा-एक दिवसांनी मी तिच्याकडे वर गेले. माझं दुकान तळमजल्याला, ती तिसऱ्या मजल्यावर. दुसऱ्या मजल्यावरच मला करपल्याचा वास आला. दार उघडंच होतं. शेगडीवर दूध उतू जाऊन, आटून, तळाला लागून काळं झालं होतं. आणि ताई शेगडीकडे पाठ करून टेबलापाशी जवस निवडत बसली होती. चार हातांवर! मी धावत जाऊन गॅस बंद केला. तिनं वळून पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. लहानपणी तिनं आईची बरणी फोडली होती, तेव्हा तिनं माझ्याकडे असंच पाहिलं होतं.

"डुलकी लागली होती," ती म्हणाली.

निवडलेल्या जवसांचा ढीग तिच्यापुढे होता. डुलकीत कुणी जवस निवडत नाही. मला कळलं, आणि मला कळलंय हे तिलाही कळलं. एरवी मी कुणाचं ऐकून घेणारी नाही. पण त्या दिवशी माझ्या तिखट जिभेला काय झालं कोण जाणे. मी पातेलं घासायला घेतलं आणि हवापाण्याच्या गप्पा मारल्या. पुढे तो विषय मी काढला नाही, तिनंही काढला नाही.

आता मला वाटतं, तेव्हा मी नेहमीसारखी भांडले असते तर बरं झालं असतं.

ताईनं मलम करणं थांबवलं नाही. थांबवलं असतं तर लोकांनी कारण विचारलं असतं. तिनं एक वाट काढली. बाटली उघडायची आणि दाजींच्या नाकाखाली धरायची. "अहो, बघा बरं, कसा आलाय वास." दाजी वर्तमानपत्र खाली न ठेवता हुंगायचे आणि म्हणायचे, "फर्स्टक्लास." दाजी स्वभावानं गाय. चाळीस वर्षांत बायकोनं केलेल्या एकाही गोष्टीला त्यांनी दुसरा शेरा दिलेला नाही. बायकोचं नाक गेलंय आणि आपण त्याच्या जागी कामाला लागलोय, याची त्यांना गंधवार्ताही नव्हती. वर्षभर निभावलं, कारण तेल ताजं असायचं आणि फ्रिज चांगला होता.

मधल्या काळात भाच्याला मुलगी झाली. आम्ही तिला ठकी म्हणतो. पोर गोड, पण कातडी कोरडी. चार महिन्यांची झाली तशी गालांवर, कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या खोबणीत लाल खरखरीत चट्टे उठायला लागले. सून डॉक्टरांचं मलम लावायची, दोन दिवस बरं वाटायचं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ठकी रडायची, तिच्याबरोबर घर जागायचं. ताई एका शब्दानं बोलली नाही. फक्त ठकीसाठी एक मऊ टोपरं विणून दिलं आणि वाट पाहिली.

एक दिवस सून दुकानातून थकून आली, ठकी किंचाळत होती, आणि सून म्हणाली, "आई, द्या तुमचं मलम. बघू लावून."

ताई मला हे सांगायला जिना उतरून आली, दम लागलेला, डोळे भरलेले. "मागितलं गं तिनं. स्वतःहून!" तिच्या तोंडावरचा तो आनंद पाहून मला पुन्हा दूध आठवलं. पुन्हा मी गिळलं. मी नुसतं म्हटलं, "ताजं तेल वापर हं." ती म्हणाली, "म्हणजे काय, मी शिळं वापरीन?"

आता नेमकं त्याच आठवड्यात तिनं फ्रिज पुसायला काढला होता. बाटल्या बाहेर मांडल्या, परत ठेवल्या. जवसाच्या तेलाच्या दोन बाटल्या निघाल्या, दोन्ही सारख्या तपकिरी, दोन्ही निम्म्या. एक आठ दिवसांपूर्वी काढलेली. दुसरी पिठाच्या डब्यामागे कधीची राहून गेलेली, चार महिने असेल, पाच असेल. पुसण्याच्या गडबडीत कुठली कोणती ते लक्षात राहिलं नाही. चिठ्ठी एकीवरही नाही. कधी लागलीच नव्हती. पूर्वीची ताई असती तर तिनं बुचं काढायच्या आधीच सांगितलं असतं.

तिनं दोन्ही बाटल्या दाजींपुढे ठेवल्या. "अहो, नातीसाठी करतेय. यातलं चांगलं कुठलं, नीट सांगा."

नातीचं नाव ऐकल्यावर दाजींनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मन लावून वास घेतला. एकदा ही, एकदा ती, पुन्हा ही. मग एक बाटली पुढे सरकवली. "ही. हिच्यात दम आहे. दुसरीला तर काही वासच नाही."

ताईनं त्या बाटलीचं मलम ठकीसाठी केलं. दुसरीचं शेजारणींना वाटलं.

तिसऱ्या दिवशी ठकीचे गाल सुजले. चौथ्या दिवशी चट्ट्यांना पाणी सुटलं, तेल लागलं होतं तिथे तिथे कातडी लालबुंद. खाजवू नये म्हणून तिच्या हातांना मोजे घातले होते; ती मोजे घातलेल्या मुठी तोंडावर घासायची. जखमांत पू झाला, ताप चढला. दवाखान्यात पाच दिवस ठेवावं लागलं. एवढ्याशा हाताला सुई लावलेली मला बघवेना, आणि सुया हा तर माझा धंदा.

कातडीच्या डॉक्टरांनी डबी उघडून हुंगली आणि परत सुनेच्या हातात दिली. "खवट तेल आहे. आधीच फाटलेल्या कातडीला हे म्हणजे आग." सुनेनं स्वतः वास घेतला. औषधांच्या दुकानात काम करणारी बाई. स्वतःच्या पोरीला लावताना तिनं डबी हुंगली नव्हती. तेलाला वास असतोच, एवढंच तिला वाटलं होतं. दवाखान्यातून परत येताना तिला जिन्यात शेजारीण भेटली. "कसं आहे बाळ?" विचारताना तिनं मलमाचे हात पुढे केले, त्याच आठवड्यातलं मलम. त्याला कसलाही घाण वास नव्हता.

सून वर आली. मी तिथेच होते. ती ओरडली नाही, ओरडली असती तर बरं.

"आई, या डबीला रंगाच्या डब्यासारखा वास येतोय. त्याच आठवड्यात केलेलं मलम शेजारी चांगलं निघालं. चांगलं बाहेरच्यांना दिलंत आणि उरलंसुरलं खवट माझ्या पोरीला?"

भाचा म्हणाला, "आई, असं नाही ना? सांग ना, असं नाही."

एका वाक्यात सुटली असती. मला वास येत नाही, एवढं म्हणायचं होतं. ताई पदराच्या टोकाशी चाळा करत उभी राहिली आणि म्हणाली, "चूक झाली माझी." बस्स. तिच्यावर कद्रूपणाचा आळ आला, तो तिनं घेतला. भाचा दुसऱ्या आठवड्यात बायको-मुलीला घेऊन सासुरवाडीजवळच्या भाड्याच्या खोलीत राहायला गेला. ताई खिडकीत उभी राहून बघत होती. सामान टेंपोत चढलं, पाळणा चढला. मला तिचा इतका संताप आला की मी दुकानात जाऊन एका गिऱ्हाइकाची चांगली पँट उसवून ठेवली.

काही दिवसांनी दाजी माझ्या दुकानात येऊन बसले. वाळले होते. म्हणाले, "मला कळतच नाही. तेल बिघडेल कसं? बाटली तर मी स्वतः निवडली." आणि खिशातून तीच बाटली काढली, तळाला दोन बोटं तेल उरलेलं.

मी बूच काढलं आणि मान मागे घेतली. खवट. नुकतं रंगवलेलं दार नाकावर आपटावं तसा वास.

"दाजी, हा वास तुम्हाला चांगला वाटला?"

"म्हणजे काय! नव्या कामाचा वास आहे हा." त्यांनी डोळे मिटून हुंगलं. "निवृत्त झाल्यापासून आला नव्हता. त्या दिवशी किती बरं वाटलं मला."

माझ्या हातातली कात्री खाली पडली. चाळीस वर्षं जवसाच्या तेलात रंग कालवलेला माणूस. खवट जवस म्हणजे त्यांच्या लेखी कामावरची सकाळ, खिशातला पगार, तारुण्य. अख्ख्या गावात ज्या एका माणसाला हा वास गोड लागला असता, नेमकं त्यालाच ताईनं नाक म्हणून नेमलं होतं. आणि बाटलीत दम आहे म्हणून त्यांनी निवडली, तेही नातीवरच्या मायेनं.

मी तशीच वर गेले. ताईला म्हटलं, "दाजींनी निवडली होती ना बाटली?"

"हळू बोल."

"तुला माहीत होतं?"

"सुनेनं रंगाच्या डब्यासारखा वास म्हटलं, तेव्हाच कळलं मला." ती तेलयंत्राचे स्क्रू सैल करत होती. "त्यांना कळू देऊ नकोस. नातीला लागलं ते तेल आपण निवडलं तेव्हाच खवट होतं, हे कळलं तर जेवायचे नाहीत."

"आणि तू? तू कंजूष म्हणून मिरवणार जन्मभर? सांगून टाक ना खरं काय ते!"

"काय सांगू? सव्वीस वर्षं लोकांच्या डब्यांवर फुल्या मारल्या गं मी. कित्येकांचा माल परत पाठवला. आता माझ्यावर..." ती पुन्हा स्क्रूकडे वळली. मला तिला मारावंसं वाटत होतं आणि मिठीतही घ्यावंसं वाटत होतं. मी दोन्हीतलं काही केलं नाही.

पण दाजी गाय असले तरी गाढव नव्हेत. माझी पडलेली कात्री त्यांनी पाहिली होती. माझ्यामागून जिना चढून ते दारात उभे होते. केव्हापासून, कोण जाणे. आत गेले, इस्त्रीचा शर्ट घातला आणि म्हणाले, "चल. तूही चल, धाकटे."

भाच्याच्या खोलीत एकच खाट, एक पाळणा आणि दोन खुर्च्या. ठकी पाळण्यात झोपली होती. गालांवरच्या खपल्या पडून फिकट डाग राहिले होते. दाजी उभ्या उभ्याच बोलले. "पोरी, बाटली मी निवडली. तिनं दोन ठेवल्या होत्या, मला विचारलं. मला रंगाचा वास आवडतो. तिचा काही दोष नाही." आणि ते खाटेच्या कडेवर बसले, हात गुडघ्यांत धरून. तेच हात, जे या तेलानं मऊ झाले होते.

भाचा बापाजवळ जाऊन बसला. सून मात्र ताईकडेच बघत होती.

"बाबांना कशाला विचारलंत, आई? तुम्ही स्वतः का नाही घेतला वास?"



सुनेनं क्षणभर वाट पाहिली. मग दोरीवरून ते विणलेलं टोपरं काढलं आणि ताईच्या हातात दिलं. "हे धुतलंय. बघा बरं, कसला वास येतो."

ताईनं टोपरं नाकाशी नेलं. जुन्या सवयीनं डोळे मिटले, मान जराशी कलती केली, कारखान्यातल्या स्टुलावर करायची तशी.

"साबणाचा," ताई म्हणाली.

"तेलाचा येतोय, आई. चार वेळा धुतलं. अजून तेलाचाच येतोय."

ताईनं टोपऱ्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"मला कशाचाच येत नाही गं," ती म्हणाली. "तापापासून. जेवणाचा नाही, धुराचा नाही." तिनं पाळण्याकडे पाहिलं. "हिचा तर कधीच आला नाही. लोक म्हणतात, तान्ह्या बाळाच्या टाळूला वास असतो. मला हिचा माहीतच नाही."

सुनेचे डोळे भरून आले. पण तिनं पोर उचलून ताईकडे दिलं नाही, आणि मी तिला दोष देत नाही. ती पाळण्याची दोरी धरून उभी राहिली.

"एकदा सांगायचं होतं ना," ती म्हणाली. "मी घेतला असता वास. रोज घेतला असता. माझ्या पोरीसाठी एवढंही केलं नसतं का मी? घरात कुणालाच माहीत नव्हतं का हो हे?"

ताईनं मान हलवली. कुणालाच नव्हतं, असं तिनं सांगितलं. माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. आणि मी, जिची जीभ तिखट म्हणून गल्ली टरकते, ती तिथे खुर्चीला धरून उभी राहिले आणि त्या करपलेल्या दुधाबद्दल एक अक्षर बोलले नाही.